चारशे बारा नोंदी

६ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि तासभर ते तसंच टेबलावर ठेवलं. सव्वा वर्षानंतर तू मला लिहिशील असं वाटलं नव्हतं. इकडे सगळं ठीक आहे. ही बरी आहे, तिचा गुडघा तेवढा कुरकुरतो. तिकडे ठीक कसं असेल, म्हणून विचारत नाही. तू फोन उचलत नाहीस, तेव्हा मीही कागदावरच लिहितो. अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस. माझं अक्षर सुधारायचं वय गेलं.

तू लिहितेस की ठकूचा ब्लॉग दिसेनासा झाला आहे. लॅपटॉप उघडलास, नेहमीच्या जागी टिचकी मारलीस आणि पांढऱ्या पानावर एकच ओळ आली: ‘नियमभंगामुळे हा ब्लॉग उपलब्ध नाही.’ तुला वाटलं, इंटरनेट गेलं असेल. मग शेजारच्या मास्तरीणबाईंच्या फोनवर पाहिलंस. तिथेही तीच ओळ. त्या बाई तुला म्हणाल्या, ‘अहो, तुमचा भाऊ त्याच कंपनीत आहे ना?’ म्हणून हे पत्र. म्हणजे मास्तरीणबाईंचे आभार मानायला हवेत.

ताई, वाईट वाटलं. लेक गेली आणि आता तिचे शब्दही गेले, असं तू लिहिलं आहेस. तीन वर्षं ठकू पडल्या पडल्या सांगायची आणि तू शेजारच्या खुर्चीत बसून थेट ब्लॉगवर उतरवून घ्यायचीस. चारशे बारा नोंदी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, चमचा कुठल्या बाजूनं द्यायचा, आणि मधूनमधून तिची आगाऊ मतं. यातलं एक अक्षर कुठे कागदावर नाही. ते का नाही, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस, पण मला आठवतं. तू वहीत उतरवून ठेवू का म्हणून फोनवर विचारलं होतंस आणि मीच ऐटीत म्हणालो होतो, ‘वही भिजते, फाटते. आमच्याकडे ठेवलेलं कुठे जात नाही.’

तू विचारतेस, परत मिळेल का? बघतो. पण आमची कंपनी म्हणजे सहा मजले आणि प्रत्येक मजल्याला वेगळं कुलूप. ब्लॉग बंद करणारा विभाग निराळा. मी आपला एका कोपऱ्यात कागदपत्रं बघणारा. तिथे माझी फारशी ओळख नाही. तरी विचारून पाहतो. थोडा वेळ लागेल. आमच्याकडे घोंगडं भिजत ठेवायचाच पगार मिळतो.

प्रकृतीला जप. जेवत जा वेळेवर.

तुझा,
धाकटा


२२ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उशीर झाला, रागावू नकोस. मी चौकशी केली. जे कळलं ते सांगतो. गोड लागणार नाही.

ब्लॉगवर जाहिरातीच्या लिंका द्यायला आमच्याकडे बंदी नाही. कुणी गादीविषयी लिहिलं आणि खाली गादीच्या दुकानाची लिंक दिली, वाचणाऱ्यानं तिथून गादी घेतली आणि लिहिणाऱ्याला त्यावर कमिशन मिळालं, तर कंपनी काही म्हणत नाही. अटी एवढ्याच, की कमिशन मिळतं हे नोंदीच्या सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगायचं. लिंक कुठे नेते ते लपवायचं नाही. लिंका मजकुरापेक्षा जास्त व्हायच्या नाहीत. आणि सगळा ब्लॉगच माणसांना दुकानात ढकलण्यासाठी चालवलेला नसावा. मजकूर म्हणजे नुसतं आमिष आणि खरा माल लिंकांमध्ये, असं दिसलं की तो ब्लॉग बंद होतो. नियम वाईट नाहीत, ताई. रोज असले शेकडो ब्लॉग येतात. वर ‘माझ्या आजारी आईची कहाणी’, खाली कढया.

आता ठकूच्या ब्लॉगचं. ती असताना तुम्ही एका गादीच्या दुकानाच्या दोनचार लिंका दिल्या होत्या. हवेची गादी आणि चाकाची खुर्ची. वरती खुलासाही होता. तो कुणी लिहिला होता ते माहीत नाही, पण चोख होता. तिथवर सगळं रीतसर. मग ती गेल्यावर तू लिहिणं थांबवलंस आणि त्या गादीवाल्या दुकानाच्या माणसाला आत यायची मुभा दिलीस. ‘ताई, जुन्या लिंका तुटल्यात, मी दुरुस्त करून देतो’, असं तो म्हणाला आणि तू त्याला जोड-लेखक केलंस. तू भाबडी. त्यानं दुरुस्ती केली ती अशी, की प्रत्येक नोंदीखाली सात-आठ लिंका चिकटवल्या. गाद्या झाल्या, खुर्च्या झाल्या, मग पायमोजे, टक्कल झाकायची टोपी, वजन उतरवायची भुकटी. चौदा महिने एक नवं वाक्य नाही आणि लिंका तीन हजारांवर. यंत्रानं ते पकडलं. पकडणारच.

यंत्र पकडतं, पण निकाल माणूस देतो. त्याला आम्ही परीक्षक म्हणतो. त्याच्यापुढे असे साठ-सत्तर ब्लॉग दिवसाला येतात. एकाला चार मिनिटं. तो काय काय बघणार? सुक्याबरोबर ओलंही जळतं. त्या परीक्षकाचा तुझ्याशी काही दावा नव्हता. तो त्याचं काम करत होता.

तू विचारतेस, आधी सूचना का नाही दिली. दिली होती. महिनाभर आधी. पण ब्लॉग ठकूनं उघडलेला, म्हणून सूचना ठकूच्या पत्त्यावर गेली. तिची मेल आता कोण उघडणार? आणि दाद मागायची तर तीही त्याच पत्त्यावरून मागावी लागते. खातेदारानंच. लॅपटॉपवर ब्लॉग उघडाच असायचा, म्हणून पासवर्ड तुला कधी लागला नाही आणि माहीतही नाही. म्हणजे आड इकडे, विहीर तिकडे.

मला यात फार काही करता येईल असं वाटत नाही. तू त्या दुकानदाराला आत घ्यायला नको होतं, ताई. घरात कुणाला घ्यावं हे बघून घ्यावं माणसानं. असो. बोलून काय उपयोग.

हिनं तुला नमस्कार सांगितला आहे. तुझ्या गुडघ्यांना काही नाही ना, असं विचारते आहे. स्वतःचं दुखलं की जगाचे गुडघे दिसतात.

तुझा,
धाकटा


९ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं नाही.

तू माझी माफी कशाला मागतेस? तू लिहितेस, ब्लॉगमध्ये एक नोंद तू माझ्याविषयी लिहिली होतीस, ठकू गेल्यानंतर, रागाच्या भरात. ती मी वाचली असेल, त्यामुळे मी मनापासून खटपट करत नसेन, असं तुला वाटतं. ‘छोट्या, ती एक नोंद कायमची काढून टाक, मी तसं लिहून देते, पण बाकीच्या चारशे अकरा मला दे.’ हे तुझं वाक्य वाचून मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. हेडबाई वर येत होत्या. आमच्या विभागप्रमुख, पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. त्यांनी विचारलं, ‘काय हो, बरं नाही का?’ मी म्हटलं, पित्त.

ताई, मी ती नोंद वाचलेली नाही. मला तसलं काही वाचायला सवड नसते. तू काय लिहिलं असशील त्याची कल्पना करू शकतो, पण मनावर घेतलेलं नाही. दुःखात माणूस बोलतो. आणि खरं सांगायचं तर तुझाही हिशेब थोडा चुकलाच. अकरा रविवार मी नुसता घरी बसून नव्हतो. त्यातल्या दोन रविवारी मी निरोप पाठवला होता, एकदा तर गाडीचं तिकीटही काढलं होतं. कामं असतात माणसाला. पण हे उगाळून आता काय मिळणार?

माझं ऐक. जे गेलं ते गेलं. ठकू तुझ्या मनात आहे ना? तुला तिचं सगळं तोंडपाठ असेल. एक वही घे आणि आठवेल तसं लिहून काढ. कदाचित तेच बरं होईल. वही कुणाच्या नियमात बसवावी लागत नाही.

पुन्हा कंपनीला पत्रं लिहू नकोस. तिथे ती कुणी वाचत नाही. फाइलला लागतात आणि पडून राहतात. काही असेल तर मला लिही.

तब्येत सांभाळ.

धाकटा


२४ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. त्यात एकच ओळ होती. ‘रविवार अकरा होते, हे मी फक्त त्या नोंदीत लिहिलं होतं.’ खाली सहीसुद्धा नाही.

हो. वाचली होती.

मी आज दुपारपासून लिहायला बसलो आहे. तीन कागद फाडले. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवयच लागली आहे, तेव्हा आता आधी भांडं पुढे ठेवतो आणि मग बाकीचं सांगतो. ठकूचा ब्लॉग मी बंद केला. तो परीक्षक मी. वेगळा विभाग, वेगळा मजला, ओळख नाही, हे सगळं खोटं. गेली नऊ वर्षं मी हेच काम करतो आहे. पहिल्या पत्रात ‘विचारून पाहतो’ लिहिलं, तेव्हा विचारायला फक्त आरसा होता.

३ मार्चला, जेवणाच्या सुट्टीनंतर, यंत्रानं तो ब्लॉग माझ्या पडद्यावर टाकला. आमच्यापुढे ब्लॉग येतो तेव्हा सर्वांत जास्त वाचली गेलेली नोंद वरती येते, म्हणजे चार मिनिटांत अंदाज यावा. वर ठकूचा फोटो होता. मी ओळखलं. हात माउसवरून काढून मांडीवर ठेवला, इतकं आठवतं. आणि खाली ती नोंद होती. शीर्षक ‘पुढचा रविवार’.

तू काहीही वाढवून लिहिलेलं नव्हतंस. मामा आला, दाराजवळच्या खुर्चीत बसला. ठकूला तेव्हा दोन बोटं उचलता येत होती, ती तिनं त्याच्याकडे केली. मामानं घड्याळ पाहिलं. ‘पुढच्या रविवारी येतो हं, सावकाश’ म्हणाला आणि गेला. मग पुढचे अकरा रविवार ती सकाळी तुला केस विंचरायला लावायची. बाराव्या आठवड्यात ती गेली. एवढंच. एक शिवी नाही, एक वाईट शब्द नाही. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी कदाचित तिथेच थांबलो असतो.

त्याखाली दोनशे चौदा प्रतिक्रिया. मी सगळ्या वाचल्या. ‘असल्या मामाला दारात उभं करू नका.’ ‘नाव सांगा त्याचं.’ एका बाईनं लिहिलं होतं, ‘तो घाबरला असेल बिचारा’, आणि तिच्यावर बाकीचे तुटून पडले होते. ताई, त्या बाईचं बरोबर होतं. मी घाबरलो होतो. तिचा हात इतका बारीक झाला होता की मी तो धरला तर माझ्या हातात काहीतरी मोडेल असं वाटलं. ते मी कुणालाच सांगितलं नाही, हिलासुद्धा नाही. पण भीती पहिल्या रविवारी होती. पुढच्या दहा रविवारी लाज होती. आणि लाज असली की माणूस जात नाही, उशीर करत जातो.

आमच्यापुढे तीन बटणं असतात. ‘सोडा’, ‘साफ करा’ आणि ‘बंद करा’. ‘साफ करा’ म्हणजे लिंका काढायच्या आणि मजकूर तसाच ठेवायचा. एखाद्या चांगल्या ब्लॉगमध्ये गादीवाल्यासारखा कुणी घुसला असेल तर नेमकं त्याचसाठी ते बटण आहे. दुसऱ्या कुणापुढे हा ब्लॉग आला असता तर त्यानं ते दाबलं असतं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं डोळे झाकून दाबलं असतं. नियम असा आहे की ‘बंद करा’ दाबण्यापूर्वी किमान दहा नोंदी उघडून वाचायच्या. मी एक वाचली. माझ्यावरची. मग दहा उघडल्याची खूण केली आणि ‘बंद करा’ दाबलं.

चुकून दाबलं असं लिहिणार होतो. फाडलेल्या कागदांपैकी एकात तसं लिहिलंही होतं. चुकून नाही. मला ती नोंद आणि त्या दोनशे चौदा माणसांची तोंडं बंद करायची होती, आणि हाताशी नियम होता. लिंका तीन हजार होत्या, ते खरं होतं; म्हणून कुणी मला विचारणार नव्हतं. त्या दिवशी घरी येताना मला हलकं वाटलं. हेही तुला सांगायला हवं. कुंपणानंच शेत खाल्लं आणि वर ढेकर दिला.

बाकीच्या चारशे अकरा नोंदी मी आजपर्यंत वाचलेल्या नाहीत. त्यांतली एक ओळ मात्र मला गेल्या आठवड्यात कळली. तुझ्यासारखंच एका बाईनं कंपनीला पत्र लिहिलं. तिचा मुलगा अंथरुणावर आहे. तिनं विचारलं होतं, कूस बदलण्याबद्दलचं ते पान कुठे गेलं, मुलाच्या पाठीला जखमा व्हायला लागल्यात, त्या पानावरून मी रोज करत होते, आता पायऱ्या विसरते. आणि पुढे लिहिलं होतं: ‘त्यातली मुलगी म्हणायची, आई, मला उलटताना मोठ्यानं आकडे म्हण, म्हणजे माझा पाय कुठे पोचला ते मला कळतं.’ हे पत्र हेडबाईंनी फाइलला लावायला माझ्याकडे दिलं. मी लावलं. ते वाक्य ठकूचं आहे आणि मला ते एका परक्या बाईकडून कळलं.

आता कामाचं. नीट वाच, दोनदा वाच.

बंद केलेला ब्लॉग लगेच पुसला जात नाही. नव्वद दिवस आत ठेवलेला असतो. दुसऱ्या पत्रात हे मी तुला सांगितलं नाही. तुला कंटाळा येईल आणि दिवस भरतील, असं मनात धरून मी पत्रांना उशीर करत होतो. नव्वद दिवस १ जूनला भरतात. त्या सकाळी तो कायमचा जाईल आणि मग हेडबाईच काय, कंपनीचा मालक आला तरी आणता येणार नाही.

त्याच पत्रात सगळे नियम लिहिले आणि चौदावा गाळला. चौदावा असा: परीक्षकानं आपल्या रक्ताच्या नातेवाइकाच्या ब्लॉगला हात लावायचा नाही, तो लगेच दुसऱ्याकडे द्यायचा. हात लावला असं सिद्ध झालं, तर त्याचा निकाल आपोआप रद्द होतो आणि ब्लॉग होता तसा परत येतो. यासाठी खातेदाराची मेल लागत नाही, पासवर्ड लागत नाही. नातं सिद्ध झालं की झालं.

मग मीच जाऊन का सांगत नाही, असं तू म्हणशील. परीक्षकाला स्वतःहून सांगायला सात दिवस मिळतात. पूर्वी मुदत नव्हती. मग काही शहाणे ब्लॉग बंद झालेल्या दुकानदारांकडून पैशांचं पाकीट घ्यायचे आणि महिन्याभरानं सांगायचे, ‘अरे, हा तर माझा मावसभाऊ निघाला!’ एका परीक्षकाला एका वर्षात एकोणीस मावसभाऊ निघाले. तेव्हापासून सात दिवसांनंतर आमच्या तोंडाचं कुणी ऐकत नाही. गेल्या सोमवारी मी हेडबाईंकडे गेलो होतो. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘तुम्ही सांगून उपयोग नाही. तक्रार बाहेरून यायला हवी. तिला करायला सांगा.’ मी जायला निघालो तर म्हणाल्या, ‘आणि बघा, एक तारखेच्या आत.’ त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. मीही घरी येऊन पाच दिवस गप्प बसलो.

म्हणजे ते आता तुझ्याच हातात आहे. तक्रारीचा छापील अर्ज सोबत जोडला आहे. आईच्या लोखंडी पेटीत आपल्या दोघांचे जन्मदाखले एकाच पाकिटात आहेत, दोन्हीवर आईबाबांची नावं आहेत. त्यांच्या प्रती जोड. मास्तरीणबाईंना सांग, त्या फोनवरून फोटो काढून अर्जावर दिलेल्या मेलच्या पत्त्यावर पाठवतील. पोस्टानं पाठवू नकोस, दिवस नाहीत. ब्लॉग परत येईल तेव्हा गादीवाल्याच्या लिंकांसकट येईल आणि दुसऱ्या परीक्षकाकडे जाईल. म्हणून अर्जात खाली एक ओळ लिही: ‘जोड-लेखकाला काढावे आणि ब्लॉग साफ करावा.’ हेच शब्द. त्यांना कळेल. आणि मिळाला की त्याच दिवशी सगळं कागदावर उतरवून घे. आमच्याकडे ठेवलेलं कुठे जात नाही, असं पुन्हा कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

माझं काय होईल, तेही सांगतो, म्हणजे नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. नोकरी जाईल. दहा नोंदी वाचल्याची खोटी खूण केल्याबद्दल वेगळी चौकशी होईल आणि पुन्हा या कामात कुणी घेणार नाही. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. पाच दिवस मी याच विचारात काढले, आणि ठकूच्या शब्दांच्या समोर मी माझी खुर्ची ठेवून तोलत होतो, हे तुला कळायला हवं.

हिला काल सगळं सांगितलं. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, ‘पत्र लिहा आणि माझ्याकडे द्या. कुरिअरला मी टाकते. तुमचा भरवसा नाही.’ ती आत्ता चपला घालून दारात उभी आहे. तिचं बरोबर आहे.

एकच राहिलं. ठकू गेली त्या दिवशी मी पोचलो तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवर कागद भरायचे होते. तिथल्या परिचारिकेनं विचारलं, ‘जवळचं कुणी आहे का सही करायला?’ मी तुझ्या मागे दोन पावलांवर उभा होतो. तू मागे वळून पाहिलंस, मला पाहिलंस आणि तिला म्हणालीस, ‘नाही. मला कुणी नाही.’ मी तसाच परत फिरलो. तुझी काही चूक नव्हती.

पण अर्जात नात्याचा रकाना आहे, ताई. तो रिकामा ठेवला किंवा ‘ओळखीचे’ असं काही लिहिलं, तर अर्ज वाचल्याशिवाय परत येतो. नुसतं ‘भाऊ’ लिहून चालत नाही, ते मावसभावांनी बाटवलं आहे. रक्ताचं नातं पूर्ण लिहावं लागतं, तुझ्या अक्षरात, आणि खाली तुझी सही. माझ्यासाठी ते लिहू नकोस. मला पुन्हा कधी भाऊ म्हणू नकोस. त्या एका रकान्यात लिही, म्हणजे त्यांना मला काढता येईल आणि तुला ठकू मिळेल. त्याखाली परीक्षकाचा क्रमांक विचारला आहे. तो सहीत देतो. बघून नीट उतरव.

तुझा सख्खा भाऊ,
परीक्षक क्रमांक ४०७